रेजाल: एका शब्दाचा वीस वर्षे चाललेला खटला

एप्रिल २०१७ मध्ये तेहरानच्या फातेमी रस्त्यावरील गृहमंत्रालयात राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांची नावनोंदणी पाच दिवस चालू होती. त्या काळी या टप्प्यावर कोणालाही फारसे अडवले जात नसे. त्यामुळे मुरलेल्या राजकारण्यांपासून निव्वळ हौशी माणसांपर्यंत सगळ्यांची तेथे रीघ लागे आणि वर्तमानपत्रांना चार दिवस पुरेल एवढी करमणूक होई. त्या वर्षी १,६३६ जणांनी अर्ज भरले. त्यांत १३७ स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या एक बाई काळ्या चादोरमध्ये, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतच्या वस्त्रात, वॉकरचा आधार घेत, एकेक पाऊल मोजून टाकत छायाचित्रकारांच्या गर्दीतून टेबलापर्यंत आल्या. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. आपला अर्ज फेटाळला जाणार हे त्यांना ठाऊक होते, कारण याआधीही तो फेटाळला गेला होता. राष्ट्राध्यक्षाची पात्रता सांगताना इराणच्या घटनेने वापरलेल्या ‘रेजाल’ या शब्दाचा काय तो निकाल लागावा म्हणून आपण आलो आहोत, असे त्यांनी जमलेल्या पत्रकारांना सांगितले.

त्या बाई म्हणजे आझम तालेघानी. माजी खासदार, संपादक, शहाच्या, म्हणजे क्रांतीपूर्वीच्या राजाच्या, तुरुंगात राहून आलेल्या राजबंदी आणि इराणी क्रांतीतील एका अत्यंत लोकप्रिय धर्मगुरूंच्या कन्या. १९९७ ते २०१७ या वीस वर्षांत त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी पुन्हा पुन्हा अर्ज भरला. या लेखाचा विषय त्यांचे संपूर्ण चरित्र नसून ही उमेदवारीच आहे. निवडून येण्यासाठी न भरलेला अर्ज कायद्याच्या लढाईत काय साधू शकतो आणि काय साधू शकत नाही, हे या प्रकरणाइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

बाप आणि लेक

आझम यांचा जन्म १९४३ सालचा. वडील आयातुल्ला महमूद तालेघानी शहाच्या राजवटीत वारंवार तुरुंगात जात, आणि तेहरानमधील हेदायत मशिदीतील त्यांची प्रवचने ऐकायला विद्यापीठातील तरुणांची गर्दी होई. अशा घरात वाढलेल्या मुलीला राजकारण वेगळे शिकवावे लागत नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यात आझम स्वतः अटकेत गेल्या आणि क्रांतीच्या आधी सुटून बाहेर आल्या.

१९७९ साली क्रांती झाली, तेव्हा तालेघानी घराण्याचे वजन शिगेला पोहोचले होते. मार्चमध्ये हिजाब सक्तीचा होणार या धास्तीने हजारो स्त्रिया तेहरानच्या रस्त्यांवर उतरल्या. त्यावर, हिजाबाची सक्ती होणार नाही, असे आयातुल्ला तालेघानींनी जाहीरपणे सांगितले आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, कारण सांगणारा माणूस तसा होता. त्या उन्हाळ्यात नवी घटना लिहिण्यासाठी निवडलेल्या सभेवर ते तेहरानमधून प्रचंड मतांनी निवडून गेले. मात्र सप्टेंबरमध्ये, घटनेचे काम अर्ध्यावर असताना, ते वारले. सत्तरहून अधिक सदस्यांच्या त्या सभेत मोनिरे गोर्जी ही एकच स्त्री होती. पुढे ज्या शब्दाने आझम यांची वाट अडवली, तो याच सभेने घटनेत घातला. वडील जगले असते तर तो शब्द बदलला असता का, हा प्रश्न मोहात पाडणारा असला तरी त्याला उत्तर नाही. तो येथेच सोडलेला बरा.

१९८० साली आझम क्रांतीनंतरच्या पहिल्या मजलिसवर, म्हणजे संसदेवर, तेहरानमधून निवडून आल्या. २७० जागांच्या त्या सभागृहात स्त्री-सदस्यांची संख्या, पोटनिवडणूक धरूनही, चारच भरली. मजलिसचे पहिले अधिवेशन २८ मे १९८० रोजी सुरू झाले. त्याच्या वीसच दिवस आधी, ८ मे रोजी, इराणच्या पहिल्या स्त्री-मंत्री फर्रुखरू पार्सा यांना क्रांतिकारी न्यायालयाच्या निकालानुसार गोळ्या घालण्यात आल्या होत्या. पार्सा १९६८ मध्ये शहाच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाल्या होत्या. आझम यांच्या पुढच्या लढ्याचा गौरव करताना हे वीस दिवस विसरता येत नाहीत. एका राजवटीने पुढे आणलेली स्त्री दुसऱ्या राजवटीने संपवली आणि त्या दुसऱ्या राजवटीच्या सभागृहात आझम सन्मानाने जाऊन बसल्या.

क्रांतीनंतर त्यांनी स्त्रियांची एक संघटना उभारली आणि ‘पयाम-ए-हाजर’, म्हणजे हाजरचा निरोप, हे नियतकालिक चालवले. नावाची निवड नेमकी होती. हाजर ही इब्राहिम पैगंबरांची दासी-पत्नी. तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये ती धावली, आणि हजला जाणारा प्रत्येक पुरुष आजही तिच्याच पावलांवर सात फेऱ्या घालतो. धर्माच्या चौकटीत राहून धर्माकडेच स्त्रियांचा हक्क मागायचा, ही आझम यांची सारी भूमिका त्या एका नावात सामावली होती. एप्रिल २००० मध्ये सुधारणावादी वर्तमानपत्रांवर एकाच फटक्यात बंदी आली, तेव्हा बंद पडलेल्यांच्या यादीत ‘पयाम-ए-हाजर’ही होते.

कलम ११५

इराणच्या घटनेतील कलम ११५ राष्ट्राध्यक्षाची पात्रता सांगते. मूळ इराणी वंश, इराणी नागरिकत्व, प्रशासनाची क्षमता व दूरदृष्टी, स्वच्छ पूर्वेतिहास, सचोटी व धर्मनिष्ठा, इस्लामी प्रजासत्ताकाच्या मूलतत्त्वांवर आणि देशाच्या अधिकृत पंथावर श्रद्धा, असे निकष त्यात आहेत. पण या सगळ्यांच्या आधी एक उंबरठा आहे: राष्ट्राध्यक्ष ‘रेजाल-ए-मजहबी व सियासी’ यांच्यामधून, म्हणजे धार्मिक आणि राजकीय ‘रेजालां’मधून, निवडला जाईल.

अरबीत ‘रजुल’ म्हणजे पुरुष आणि ‘रिजाल’ हे त्याचे अनेकवचन. फारसीने हा शब्द घेतला, ‘रेजाल’ असा उच्चारला आणि त्याला वेगळी बैठक दिली. तेहरानच्या बाजारात दोन पुरुष दुकानात आले तर कोणीही ‘दोन रेजाल आले’ असे म्हणणार नाही; त्यासाठी ‘मर्द’ हा रोजचा शब्द आहे. ‘रेजाल’ येतो तो इतिहासाच्या पुस्तकात आणि अग्रलेखात, राज्यातील बडी, नामांकित, कारभारी मंडळी अशा अर्थाने. म्हणून अरबी कानाला या शब्दात आधी लिंग ऐकू येते, तर फारसी कानाला आधी प्रतिष्ठा. घटना फारसीत लिहिलेली आहे आणि तिचा अर्थ लावणारे धर्मपंडित अरबी ग्रंथांत मुरलेले आहेत. वादाची मुळी येथे आहे.

आझम यांची बाजू थोडक्यात अशी होती की येथे रेजाल म्हणजे नामवंत व्यक्ती, त्यात स्त्रीही आली. घटनाकारांना फक्त पुरुषच हवा असता तर ‘मर्द’ हा सोपा आणि निःसंदिग्ध शब्द त्यांच्या हाताशी होता. या बाजूला धर्मग्रंथांतूनही आधार मिळतो. कुराणाच्या चोविसाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, व्यापार आणि देवघेव ज्यांना ईश्वरस्मरणापासून ढळवत नाही अशा ‘रिजालां’ची स्तुती आहे, आणि अशी निष्ठा स्त्रियांना वर्ज्य आहे असे म्हणायला सहसा कोणी धजणार नाही. हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने व आचरण यांच्या परंपरागत नोंदी, सांगणाऱ्यांची विश्वासार्हता तपासणाऱ्या शास्त्राचे नावच ‘इल्म-अल-रिजाल’ आहे आणि अकराव्या शतकातील शेख तूसी यांच्या या विषयावरील ग्रंथात स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. याचा अर्थ, ज्या शास्त्राच्या पाटीवरच ‘रिजाल’ लिहिले आहे, तेथे स्त्रियांची नोंद हजार वर्षांपासून होत आली आहे.

विरुद्ध बाजूही पोकळ नाही, हे मान्य केले पाहिजे. कुराणाच्या चौथ्या सूरेतील, पुरुषांना स्त्रियांचे ‘कव्वाम’, म्हणजे पालक वा कारभारी, ठरवणाऱ्या प्रसिद्ध वचनात ‘रिजाल’ हा शब्द ‘निसा’, म्हणजे स्त्रिया, या शब्दासमोर उभा केलेला आहे. तेथे त्याचा अर्थ पुरुष याशिवाय दुसरा होत नाही. शिवाय याच घटनेच्या कलम २० मध्ये, कायद्याचे संरक्षण सांगताना, ‘स्त्री असो वा पुरुष’ अशी स्पष्ट शब्दयोजना आहे. जेथे दोघेही अभिप्रेत होते तेथे तसे लिहिले, मग ११५ मध्ये का लिहिले नाही, असा युक्तिवाद करता येतो. माझ्या मते केवळ शब्दार्थावर हा वाद कोणत्याच बाजूने मिटणारा नाही. कोशात दोन्ही अर्थ आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

मराठी वाचकाला ही अडचण परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे घराचा ‘कर्ता पुरुष’ असतो, पोवाडे ‘थोर पुरुषां’चे असतात, आणि ‘मी’ असे म्हणणारी स्त्रीसुद्धा व्याकरणात ‘प्रथम पुरुष’च ठरते. जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा ‘राष्ट्रपती’ हा शब्द स्त्रीला चालेल का, यावर आपल्याकडेही चर्चा रंगली होती. फरक एवढाच की ती चर्चा चहाच्या टेबलावर राहिली, पात्रतेपर्यंत गेली नाही. भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात राष्ट्रपतीसाठी सर्वत्र पुल्लिंगी सर्वनाम आहे. तरीही १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातील कलम १३ सांगते की, विषय किंवा संदर्भ विरोधी नसेल तर, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो, आणि घटनेच्या अनुच्छेद ३६७ ने हा अधिनियम घटनेच्या अर्थनिर्णयालाही लागू केला आहे. इंग्रजी अमदानीतल्या एका रुक्ष कलमाने येथे प्रश्न उद्भवण्याआधीच मिटवून टाकला. इराणमध्ये तो मिटवण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे आहे.

उत्तर न देण्याची पद्धत

ती संस्था म्हणजे ‘शूरा-ए-नेगहबान’, ज्याला आपण पालक मंडळ म्हणू. त्याचे बारा सदस्य असतात: सर्वोच्च नेत्याने नेमलेले सहा फकीह, म्हणजे धर्मशास्त्रज्ञ, आणि न्यायसंस्थेच्या प्रमुखाने सुचवलेले व मजलिसने निवडलेले सहा कायदेपंडित. घटनेने या मंडळाला दोन वेगवेगळी कामे दिली आहेत आणि या प्रकरणाची सगळी खोच त्या वेगळेपणात आहे. कलम ९८ नुसार घटनेचा अधिकृत अर्थ लावणे हे त्याचे काम आहे. त्यासाठी तीन चतुर्थांश सदस्यांची, म्हणजे नऊ जणांची, संमती लागते आणि असा अर्थ पुढे सर्वांना बांधील असतो. कलम ९९ नुसार निवडणुकांवर देखरेख ठेवणे हेही त्याचेच काम आहे, आणि त्यात उमेदवार मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार येतो. नामंजुरीसाठी घटनेचा अर्थ सांगावा लागत नाही. यादी जाहीर होते. ज्याचे नाव तीत नाही, तो बाद.

१९९७ साली २३८ जणांनी नोंदणी केली. त्यांत नऊ स्त्रिया होत्या, आणि त्यांत आझम तालेघानी. मंडळाने चार नावे मंजूर केली. चारही पुरुष होते. त्या चौघांतील मोहम्मद खातमी पुढे प्रचंड बहुमताने निवडून आले आणि त्यांच्या विजयात स्त्रियांच्या मतांचा मोठा वाटा मानला गेला. नऊ स्त्रिया बाद झाल्या त्या स्त्रिया म्हणून, की अनुभव कमी म्हणून, की श्रद्धा संशयास्पद म्हणून, याबद्दल एक अक्षरही नव्हते. बाकीच्या २२५ पुरुषांबद्दलही नव्हते. दोनशेहून अधिक पुरुषांबरोबर नऊ स्त्रिया बाद झाल्या, तर त्या लिंगामुळे बाद झाल्या असे सिद्ध कसे करणार?

आझम यांनी ही पोकळी नीट ओळखली होती, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते. मजलिसची माजी सदस्य, राजवटीच्या पायाभरणीतील घराण्याची लेक, आयुष्यभर धर्माचरण करणारी, शहाच्या तुरुंगाची साक्ष असलेली अशी बाई ‘धार्मिक आणि राजकीय’ या दोन्ही विशेषणांना पुरून उरते. तिला बाद करायचे तर ‘रेजाल’ याच शब्दाकडे बोट दाखवावे लागेल. दुसऱ्या एखाद्या अर्जदार स्त्रीला अननुभवी म्हणता आले असते. आझमना तसे म्हणणे कठीण होते. ‘पेशकार’ नावाचा कोणी अधिकारी जसा न्यायालयात कागद पुढे सरकवतो, तसा त्यांनी दर खेपेला स्वतःचाच अर्ज पुढे सरकवला.

मंडळाने बोट दाखवलेच नाही. २००९ मध्ये ४७५ जणांत ४२ स्त्रिया होत्या, त्यांत आझमही. मंजूर झाले चार पुरुष. २०१७ मध्ये १३७ स्त्रिया. मंजूर झाले सहा पुरुष. दरम्यान मंडळाशी संबंधित माणसे वेगवेगळे बोलत राहिली. मे २०१३ मध्ये मंडळाचे सदस्य आयातुल्ला मोहम्मद यज्दी यांनी कायदा स्त्रीला राष्ट्राध्यक्ष होऊ देत नाही असे सांगून टाकले. त्याउलट ऑक्टोबर २०२० मध्ये मंडळाचे प्रवक्ते अब्बासअली कदखोदाई यांनी स्त्रियांच्या उमेदवारीला कायद्याचा अडसर नाही असे जाहीर केले. दोन्ही विधाने तोंडी होती. नऊ सह्यांचा अधिकृत अर्थ कोणत्याच बाजूने निघाला नाही.

मंडळाला अर्थ लावण्याचे वावडे होते असे मात्र नाही. १९९१ मध्ये त्याने कलम ९९ मधील ‘देखरेख’ या शब्दाचा अधिकृत अर्थ दिला: ही देखरेख ‘इस्तिसवाबी’ आहे, म्हणजे मंडळाच्या मंजुरीवाचून काहीही ग्राह्य नाही, आणि ती उमेदवारांच्या छाननीसह निवडणुकीच्या सर्व टप्प्यांना लागू आहे. स्वतःचा अधिकार वाढवणाऱ्या एका शब्दाचा अर्थ मंडळाने लेखी दिला. स्वतःचे हात बांधू शकणारा दुसरा शब्द मात्र तीन-चार दशके तसाच ठेवला. ‘रेजाल म्हणजे पुरुषच’ असे लिहून दिले असते तर निम्म्या मतदारांना तोंडावर नकार दिल्यासारखे झाले असते, आणि त्यावर जगभर बोलले गेले असते. ‘स्त्रीही’ असे लिहिले असते तर पुढच्या प्रत्येक स्त्रीला बाद करताना खरे कारण द्यावे लागण्याचा दबाव आला असता. मौनात दोन्ही टळते. म्हणून हा शब्द संदिग्ध राहिला त्याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. ज्याच्या हातात किल्ली असते, त्याला कुलूप कसे आहे हे सांगण्याची गरज पडत नाही.

एक कायदेशीर तपशील येथे नोंदवला पाहिजे. ‘रेजाल’ची अट फक्त राष्ट्राध्यक्षाला आहे. त्यामुळे १९९७ मध्ये खातमींनी मासूमे एब्तेकार यांना उपराष्ट्राध्यक्ष नेमले आणि २००९ मध्ये मरझिये वहीद-दस्तजेर्दी क्रांतीनंतरच्या पहिल्या स्त्री-मंत्री झाल्या, तेव्हा घटनेचा प्रश्न आला नाही. दुसरी खुर्ची स्त्रीला खुली आणि पहिलीसमोर तो एक शब्द, अशी ही रचना आहे.

ज्यांना ही वाटच मान्य नव्हती

आझम यांच्यावर सर्वांत अवघड आक्षेप घेतला जातो तो स्त्रीवादाच्याच बाजूने. इराणमध्ये राष्ट्राध्यक्ष सर्वोच्च नेत्याच्या खाली असतो. खऱ्या सत्तेची जागा ती नव्हेच. विवाह, घटस्फोट, मुलांचा ताबा, वारसा, साक्ष या प्रत्येक बाबतीत कायदा स्त्रीला कमी लेखत असताना, एका पदासाठी एका शब्दाचा कीस पाडणे ही चैन नाही का? शिवाय त्या शब्दाचा अर्थ उदार असल्याचे सिद्ध करायला कुराण आणि हदीसशास्त्र उघडायचे, म्हणजे नागरिकाचा हक्क धर्मपंडिताच्या मान्यतेवर अवलंबून आहे हे आधीच कबूल करायचे. जून २००५ मध्ये तेहरान विद्यापीठासमोर जमलेल्या स्त्रियांनी वेगळी वाट धरली: अर्थ बदला असे न म्हणता, त्यांनी घटनेतील भेदभावावरच बोट ठेवले.

हा आक्षेप मला बराचसा पटतो, तरी पूर्ण पटत नाही. धर्मनिष्ठ स्त्रीने धर्मराज्याला विचारलेला प्रश्न ‘परदेशी फूस’ म्हणून उडवून लावता येत नाही, आणि आझम यांच्या बाबतीत तो तसा उडवला गेलाही नाही. शिवाय त्यांचे काम या एका शब्दापुरते नव्हते. २००३ मध्ये इराणी-कॅनेडियन छायाचित्रकार झहरा काझमी यांचा कोठडीत मृत्यू झाल्यावर त्याच्या निषेधार्थ आझम एविन तुरुंगाबाहेर धरणे धरून बसल्या होत्या. चादोरमधली, साठीला आलेली, आयातुल्लांची लेक तुरुंगाच्या दाराशी बसते, तेव्हा पहारेकऱ्यापुढेही पेच उभा राहतो.

२०१९ नंतर

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस, मेंदूच्या झटक्यानंतर, आझम तालेघानी यांचे तेहरानमध्ये निधन झाले. तोवर त्यांच्या प्रश्नाला एक आडवळणाची दखल मिळाली होती: २०१६ मध्ये सर्वोच्च नेत्याने निवडणुकांविषयीची जी सर्वसाधारण धोरणे जाहीर केली, त्यांत ‘रेजाल’, ‘कार्यक्षम’ आणि ‘दूरदर्शी’ या शब्दांचे निकष पालक मंडळाने ठरवावेत असे सांगितले होते. मंडळाने मे २०२१ मध्ये जे निकष जाहीर केले, त्यांत वय ४० ते ७५, किमान पदव्युत्तर पदवी, वरिष्ठ पदांवरील किमान चार वर्षांचा अनुभव अशा अटी होत्या. लिंगाविषयी त्यांत काहीच नव्हते. आझम त्या वर्षी हयात असत्या तर अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास असत्या. त्यांना बाद करायला आता वय पुरले असते.

त्या निवडणुकीत ५९२ अर्जदारांत ४० स्त्रिया होत्या आणि मंजूर झालेली सातही नावे पुरुषांची होती. मे २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रईसी हेलिकॉप्टर अपघातात मरण पावल्यावर तातडीची निवडणूक लागली. अटी कडक झाल्यामुळे नोंदणी ८० वरच थांबली. त्यांत चार स्त्रिया होत्या. मंडळाने सहा नावांची यादी दिली. त्या चौघींपैकी कोणाचेही नाव तीत नव्हते, आणि यादीखाली कारणाची ओळही नव्हती.